नाही म्हणण्याचा तास

मुकुंदराव बोरगावकर समोरच्याला नाही म्हणत आणि समोरचा त्यांना नमस्कार करून जाई. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी अनेकदा पाहिलं आहे. मला आजवर कोणाला धड नाही म्हणता आलेलं नाही. म्हटलंच तर दोन-तीन कारणं पुढे करून, घाम पुसत, आणि शेवटी 'बरं, बघतो' असं म्हणून मी सुटका करून घेतो. त्यामुळे हा माणूस मला आधी हास्यास्पद वाटला, मग विलक्षण वाटला, आणि आता आठवला की मान खाली जाते. ती का जाते हे एकदा सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलो आहे.

मुकुंदरावांनी जुन्या इंदुरात भांगेच्या दुकानावर एकतीस वर्षं काढली. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाचून दचकायला होईल, मीही दचकलो होतो. पण मध्य प्रदेशात भांग सरकारी परवान्यावर विकतात. दुकानावर तशी पाटी असते, आबकारीचा माणूस तपासणीला येतो, सगळं रीतसर. परवाना एका ठेकेदाराचा होता, आणि काउंटरमागे बसून गोळ्या देणारे नोकर म्हणजे मुकुंदराव. त्यांचे वडील गिरणीत कारकून होते. त्यांना आपला मुलगा कुठे बसतो हे कळल्यावर ते सहा महिने त्याच्याशी बोलले नव्हते, असं मुकुंदरावच हसत हसत सांगत.

आमची गाठ पडली ती इंदुरातल्याच भंवरकुआं भागातल्या एका खासगी कॉलेजात. मी सांगलीचा. इथे कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचा डिप्लोमा शिकवायला आलो आणि विभागप्रमुख झालो, कारण विभागात दुसरं कोणी टिकत नव्हतं. आमच्या संचालकांना दर सत्राला एक नवा अभ्यासक्रम सुचायचा. एकदा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "भिया, भांग के ठेकेवालों के बच्चे सब बीकॉम कर रिये हैं, और दुकान चलाना एक को नी आता. अपन सिखाएँगे." मला वाटलं, गंमत करताहेत. पंधरा दिवसांनी कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर नवा फलक लागला. वर 'कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट', आणि त्याच्याच खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'परवानाधारक भांग विक्री केंद्र व्यवस्थापन, तीन महिने'.

त्या फलकाचा फोटो कोणीतरी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. माझा मेहुणा पुण्यात एका मोठ्या बांधकाम कंपनीत आहे. त्यानं लिहिलं, 'दाजी, स्लॅब टाकण्याआधी घेता की नंतर?' सासऱ्यांनी त्याखाली हसणारा चेहरा टाकला. माझे सासरे कधी कशाला हसत नाहीत. मी त्या दिवशी जेवलो नाही.

आमच्या मजल्यावरची एक मोठी वर्गखोली नव्या अभ्यासक्रमाला अर्धी दिली गेली, उरलेल्या अर्ध्यात माझी केबिन राहिली. विभागप्रमुख म्हणून मी पहिलं काम काय केलं असेल तर त्या खोलीत प्लायवूडचं पार्टिशन घालून घेतलं. एवढ्या झपाट्यानं मी त्या कॉलेजात दुसरं कुठलंच काम उरकलं नाही. सुतार शेवटचे खिळे ठोकत असताना एक बुटके, सावळे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पँट छातीच्या दिशेनं बरीच वर ओढलेली, कपाळावर शेंदराचा ताजा टिळा. बुधवार होता. दर बुधवारी ते स्कूटरवरून आधी खजरान्याच्या गणपतीला जात आणि मग कामावर, हे मला पुढे कळलं. त्यांनी पार्टिशनवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "छान केलं सर. मतलब, आमच्या हल्लागुल्ल्याचा तुम्हाला त्रास नाही होणार." त्यांच्या बोलण्यात कुठेही टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पार्टिशन छतापर्यंत पोचलेलं नव्हतं. त्यामुळे मुकुंदरावांचा शब्द न् शब्द मला ऐकू येई. मी एम.टेक. झालेला माणूस पलीकडे बसून एका भांगविक्याची व्याख्यानं ऐकतो आहे, हे कळू नये म्हणून समोर एखादं जाडजूड पुस्तक उघडून ठेवत असे.

शिकवताना ते कधीही बसले नाहीत. "एकतीस वर्षं बसूनच काढली, आता जरा उभं राहू द्या," असं खुर्ची पुढे करणाऱ्याला म्हणत. दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवून उभं राहायची त्यांची पद्धत होती. वर्गात अकरा विद्यार्थी. बहुतेक ठेकेदारांच्या घरचे, दोघी मुली. पहिल्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली नाही, प्रत्येकाला घरी कोण-कोण आहे ते विचारलं. एकानं अपेक्षेप्रमाणे विचारलंच, "सर, आप खुद लेते हो?" मुकुंदराव म्हणाले, "शिवरात्री को, मटर के दाने जितनी. बाकी दिन नहीं. देनेवाले का दिमाग ठिकाने पे होना चाहिए बेटा. लेनेवाले का न हो तो चलेगा, इसीलिए तो ले रहा है." पलीकडे मी पुस्तकात तोंड घालून हसलो.

पहिले काही आठवडे कायदा, परवान्याच्या अटी, ओली भांग उन्हाळ्यात कशी खराब होते, कशी ठेवायची, असलं काहीबाही चाललं. मग एका सोमवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मना करना'. वर्ग हसला. मुकुंदराव म्हणाले, "हँस लो. देना तो मशीन भी देती है. दुकान पे आदमी क्यों बिठाते हैं? मना करने के लिए." आणि त्यानंतरचे दोन महिने त्यांनी जवळपास एवढंच शिकवलं.

कोणाला नाही म्हणायचं ते आबकारीच्या नियमात दोन ओळींत होतं. मुकुंदरावांकडे त्याचं एक वेगळंच शास्त्र होतं. एकाच दिवशी दुसऱ्यांदा आलेला, दुसऱ्यासाठी मागणारा, घरातून भांडून निघालेला, होळीच्या आधी टोळक्यानं आलेल्यांतला सगळ्यात गप्प असलेला. ते विद्यार्थ्यांतल्याच एकाला गिऱ्हाईक करत, दुसऱ्याला काउंटरमागे उभं करत. एकदा काउंटरमागचा मुलगा म्हणाला, "भैया, माल खतम है." मुकुंदरावांनी थांबवलं.

"ये कारण हुआ. कारण नहीं देना. तू बोलेगा खतम है, वो बोलेगा पीछे क्या रखा है. तू बोलेगा वो दूसरे का है, वो बोलेगा उसमें से दे दे. अब तू दुकानदार नहीं रहा, वकील हो गया. खाली ना बोल."

"सर, बुरा लगेगा उसको."

"लगेगा. झूठ से ज़्यादा लगता है. नाम ले उसका, आँख में देख, ना बोल. और फिर वहीं रुक. भागना नहीं. पानी पूछ, चाय पूछ, घर का पूछ. असली काम उसी एक मिनट में है."

एक गोष्ट त्यांनी मला स्वतंत्रपणे सांगितली, वर्गात कधी सांगितली नाही. गिरणी बंद पडलेला एक माणूस त्यांचं रोजचं गिऱ्हाईक होता. एक गोळी घेऊन गुपचूप जायचा. एका संध्याकाळी त्यानं पंधरा मागितल्या. मुकुंदरावांनी त्याला नावानं हाक मारली आणि नाही म्हणाले. तो तिथेच पायरीवर बसला. मुकुंदरावांनी त्याच्यासाठी चहा मागवला, दुकानाचं शटर ओढलं आणि त्याला स्कूटरवर बसवून घरी पोचवलं. त्याच्या बायकोशी बोलले, तिच्या भावाला बोलावून घेतलं आणि तो येईपर्यंत तिथेच बसून राहिले. ऐन धंद्याच्या वेळी दुकान बंद ठेवलं म्हणून ठेकेदारानं त्यांना आठ दिवस घरी बसवलं. "दुकान बंद करायला नको होतं, ते चुकलंच," मुकुंदराव मला म्हणाले. "पण सर, दुसरं काही सुचलं नाही त्या टाइमाला." त्या माणसाचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. "आहे की. नातवाला घेऊन रोज बगीच्यात जातो," ते म्हणाले, आणि विषय बदलला.

हळूहळू माझे विद्यार्थी त्यांच्या तासाला जाऊन बसू लागले. मला राग आला, पण नाही म्हणता आलं नाही, म्हणून मी त्याला 'संभाषणकौशल्य' असं नाव देऊन वेळापत्रकात घालून टाकलं. माझ्या वर्गात निकिता म्हणून एक मुलगी होती, पाटीदारांची, गावाकडून आलेली, कधी तोंड न उघडणारी. सत्राच्या शेवटी ती बायपासजवळच्या एका साइटवर प्रशिक्षणाला गेली. एका सकाळी तिथल्या ठेकेदाराचा मला फोन आला. स्लॅबखालचे टेकू त्याला लवकर काढून वरच्या मजल्यावर न्यायचे होते. साइट इंजिनियर त्या दिवशी नव्हता, रजिस्टरवर सही निकितानं करायची होती, आणि ती नाही म्हणत होती. "साहब, कारण पूछो तो बताती नहीं," तो ओरडत होता. "खाली ना बोलती है, और ऊपर से मेरे लिए चाय मँगाई है. ये क्या पढ़ा रहे हो आप लोग?"

मी त्याची माफी मागितली. नवीन मुलगी आहे, समजावतो, असं म्हणालो. मग निकिताला फोन करून म्हणालो, निदान कोड तरी दाखवायचा, किती दिवस टेकू ठेवायचे ते त्यात लिहिलेलं आहे. ती शांतपणे म्हणाली, "सर, कोड बताती तो वो बोलते बाजूवाली साइट पे तो कल ही निकाल दिए. फिर बहस होती. बोरगावकर सर ने बोला है कारण नहीं देना." टेकू निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी साइट इंजिनियरनं येऊन तिची पाठ थोपटली आणि कॉलेजला कौतुकाचं पत्र पाठवलं. ते पत्र मी माझ्या वार्षिक अहवालाला जोडलं आणि वर लिहिलं, 'विभागाच्या मार्गदर्शनाखाली'.

मुकुंदरावांना मी हा सगळा किस्सा तक्रारीच्या सुरात सांगितला. त्यांनी एकच विचारलं, "चहा मागवला का तिनं?"

"मागवला."

"मग बरोब्बर," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला पुढची तक्रार करवेना.

आपल्या पत्नीचा उल्लेख ते 'आमच्या घरातून' असा करत. त्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. एकतीस वर्षांत त्या एकदाही दुकानाकडे फिरकल्या नव्हत्या. नवरा काय करतो असं कोणी विचारलं की सांगत, "सियागंजात असतात." शेजारी, माहेर, शाळेतल्या बाई, सगळ्यांना तेच ठाऊक होतं; फक्त मोठ्या बहिणीला त्याचा संशय येई. सियागंज म्हणजे आमच्याकडची घाऊक बाजारपेठ. तिथे असतात म्हटलं की माणूस किराण्यात असेल, लोखंडात असेल, पुढे कोणी विचारत नाही. मुकुंदरावांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. "त्या काही खोटं नाही बोलल्या," ते म्हणत. "दुकानाच्या सामानासाठी मी जायचोच की सियागंजात. आणि सर, शाळेतली नोकरी. मुलांच्या आयांनी काय म्हटलं असतं? त्यांनी निभावून नेलं, हेच फार झालं."

कॉलेजचं नेमणूकपत्र आलं तेव्हा मात्र बाईंनी ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मुकुंदरावांना डबा बांधून देऊ लागल्या. दुकानावर असताना डबा कधी नव्हता. दुपारी तो उघडताना मुकुंदराव पार्टिशनच्या या बाजूला येत आणि माझ्या टेबलावर अर्धी पोळी ठेवत. मी ती खात असे. हेही सांगितलं पाहिजे.

सत्र संपत आलं. दोन्ही अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांचा एकत्र समारंभ ठरला आणि त्याची व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. एका दुपारी मुकुंदराव माझ्या केबिनमध्ये आले, दार लोटून घेतलं आणि उभे राहिले.

"सर, एक विचारायचं होतं. शिकवणारे सगळे स्टेजवर बसतील ना?"

"हो, नावानिशी खुर्च्या आहेत."

"मी पण?"

"अहो म्हणजे काय, तुम्ही पण," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

त्यांनी माझ्या टेबलावर दोन्ही तळवे टेकले. "आमच्या घरातून यायचं म्हणून राहिल्या आहेत. त्यांच्या मोठ्या बहीण देवासहून येतील. त्यांनी बहिणीला सांगितलं, हे कॉलेजात शिकवतात. ताईंना काही पटत नाहीये. त्यांना वाटतं, ही नेहमीसारखं झाकून राहिली आहे." ते जरासे हसले. "वरती बसलेलं दिसलं की झालं. बोलायचं वगैरे काही नको मला. नुसतं बसलेलं."

मी त्यांना पुन्हा एकदा हो म्हणालो.

मग आठ दिवसांनी प्रमुख पाहुणे ठरले. माझ्या मेहुण्याच्या कंपनीतले एक वरिष्ठ अधिकारी इंदुरात येणार होते, मेहुण्यानंच जुळवून दिलं. त्या कंपनीत माझी वर्णी लागावी, पुण्याला परत जाता यावं, असं माझ्या मनात वर्षभर होतं. मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, साहेबांबरोबर चांगला फोटो काढा. पण ते भांगेचं प्रकरण जरा मागे ठेवा हं. तिकडून माणूस घेताना वर कसं सांगणार?" तो हे थट्टेत म्हणाला. कोणी मला कसलीही अट घातली नव्हती, ना मेहुण्यानं, ना संचालकांनी, ना त्या पाहुण्यांनी. मी एकट्यानं, टेबलाशी बसून, स्टेजवरच्या नावांच्या यादीतून मुकुंदराव बोरगावकर हे नाव खोडलं.

समारंभाच्या आदल्या सकाळी मी त्यांना जिन्याच्या तोंडाशी गाठलं. म्हणालो, "मुकुंदराव, एक अडचण झाली. स्टेजवर खुर्च्या कमी पडताहेत. हॉलवाल्यांनी ऐन वेळी सांगितलं. पाहुण्यांबरोबर दोघं-तिघं येतील. आणि तुमचा कोर्स तसा शॉर्ट टर्म, तेव्हा प्रोटोकॉलप्रमाणे..." मी बोलतच होतो. किती बोललो ते आठवत नाही. त्यांनी जिन्याच्या कठड्यावर दोन्ही तळवे ठेवले होते आणि ते ऐकत होते.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "सर, कारण नका देऊ. नुसतं नाही म्हणा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गातल्या मुलाचं चुकलं की ते ज्या आवाजात थांबवत, तोच आवाज. मला तेवढंही जमलं नाही. एक शब्द होता, तो मला उच्चारता आला नाही. मी खाली फरशीकडे बघत होतो. ते थांबले. खरंच थांबले, माझ्यासाठी. घरचे सगळे बरे आहेत ना, असं विचारलं. मी म्हणालो, "प्रिंटरकडे जायचंय, उशीर होतोय," आणि जिना उतरून पळालो.

समारंभाला स्टेजवर नऊ खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतली माझ्या उजव्या हाताची रिकामी राहिली, कारण आमचे एक प्राध्यापक तापानं झोपले होते. मुकुंदराव चौथ्या रांगेत होते. करडा कोट घातला होता, बहुधा लग्नकार्यातला, खांद्यात थोडा सैल. एका बाजूला मोरपंखी साडीतल्या सडसडीत, चष्मा लावलेल्या बाई, दुसऱ्या बाजूला त्यांच्याहून वयानं मोठ्या आणि चेहऱ्यानं कडक बाई. दीड तास ती रिकामी खुर्ची माझ्या शेजारी होती. उठून, माईकवर येऊन, बोरगावकर सर वर या, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी मनातल्या मनात ते पाच-सहा वेळा म्हटलं. दर वेळी स्टेजसमोर उभ्या असलेल्या फोटोग्राफरकडे नजर गेली आणि मी बसून राहिलो.

मुकुंदरावांच्या अकरा विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रं देण्याची वेळ आली. पहिला मुलगा वर आला, पाहुण्यांच्या हातून कागद घेतला आणि स्टेजच्या कडेला जाऊन चौथ्या रांगेकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. मग दुसऱ्यानं तेच केलं. मग दोघी मुलींनी. हॉलमधली माणसं मान वळवून मागे बघू लागली. मुकुंदराव मांडीवर तळवे ठेवून ताठ बसले होते. त्यांच्या मेहुणीनं वाकून बहिणीला काहीतरी विचारलं.

पाहुणे माझ्याकडे कलले. "कोणाला नमस्कार करताहेत ही मुलं?"

"पालक असतील कोणी," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. पाहुण्यांखेरीज त्याला साक्षीदार नाही, मी लिहिलं नसतं तर ते कोणाला कळलंही नसतं. पण गेली दोन वर्षं आंघोळ करताना, दाढी करताना, वर्गात फळा पुसताना ते मला ऐकू येतं.

आभार मानायला मीच उठलो. हॉलवाल्यांचे, फुलवाल्याचे, ध्वनिव्यवस्थेचे आभार मानले. शिकवणाऱ्यांमध्ये स्टेजवरच्या प्रत्येकाचं नाव घेतलं.

पाहुणे विमान गाठायचं म्हणून लगेच निघाले. बाहेर पोहे आणि चहा होता. संचालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भिया, सब बढ़िया. बस बोरगावकर जी को ऊपर क्यों नहीं बिठाया? मैंने तो गाड़ी में मेहमान को उन्हीं का किस्सा सुनाया था, वो लड़कीवाला, साइटवाला. मिलना चाहते थे वो. पूछा नहीं आपसे?" पुण्याची नोकरी मला मिळाली नाही. ती शिक्षा झाली असं समजून मी मोकळा होणार नाही, कारण तिचा आणि याचा काही संबंध नव्हता. फोटो मात्र उत्तम आला आहे. मेहुण्यानं ग्रुपवर त्याला अंगठा दिला.

पुढच्या सत्रात त्या अभ्यासक्रमाला पुरेसे विद्यार्थी आले नाहीत, मुकुंदरावांना बोलावणं गेलं नाही, आणि पार्टिशन काढून टाकण्यात आलं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, हॉलच्या बाहेर.

मी चहाचा कप घेऊन एका खांबाआड उभा होतो. तेवढ्यात त्यांच्या पत्नीच मला शोधत आल्या. मागे मुकुंदराव, आणि त्यांच्या मागे देवासच्या ताई.

"तुम्हीच ना ते सर?" त्या म्हणाल्या. शाळेतल्या बाईंचा स्वच्छ, ठाशीव आवाज होता. "यांनी सांगितलं मला सगळं. यांचे गुडघे दुखतात, स्टेजच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून तुम्ही खास खाली बसायची सोय केली. नाहीतर वर खुर्ची होतीच यांची. ती रिकामी ठेवली होती ना, ती मी ताईंना दाखवली. म्हटलं, ती बघ, ती यांची. एवढं कोण करतं हो दुसऱ्यासाठी?"

ताई माझ्याकडे रोखून बघत होत्या. त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मुकुंदरावांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या कडुनिंबाकडे बघत, कोटाचं बटण लावत होते. आयुष्यभर ज्या माणसानं कोणाला खोटं कारण दिलं नाही, त्यानं एक खोटं कारण शोधलं होतं, आणि त्यात स्वतःची अब्रू झाकता झाकता माझीही झाकली होती. माझ्या मनात आलं की आत्ता सांगावं, काकू, मी काढलं त्यांना वरून. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. इथे माझ्याइतकी लाज कोणाला वाटायला नको. पण ते सांगितलं असतं तर ताईंसमोर ते पुन्हा उघडे पडले असते. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली, एवढंच.

"त्यात काय एवढं, काकू," मी म्हणालो. मग ताई अजून बघतच होत्या म्हणून मुकुंदरावांना म्हणालो, "गुडघ्यांची काळजी घ्या."

"घेतो सर," ते म्हणाले.

ते तिघं निघाले. हॉलच्या बाहेर सहा-सात पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीपर्यंत मुकुंदराव नेहमीसारखे भरभर चालत गेले. तिथे ते थांबले, मागे वळून पाहिलं. ताई त्यांच्याकडेच बघत होत्या. मुकुंदरावांनी कठडा धरला, एक पाय खाली ठेवला, दुसरा त्याच्याजवळ आणला, मग पुन्हा पहिला. काकूंनी घाईनं त्यांचं कोपर धरलं. फाटकापर्यंत बरंच अंतर होतं आणि ऊन होतं. ते पूर्ण अंतर ते लंगडत गेले. त्यांना ऑटोत चढायलाही काकूंनी हात दिला.